चौथ्या पेटीतली मुळं

३ जून
आजपासून पेरूतल्या वांकायोजवळच्या हरितगृहात कामाला लागले. इथे बियाण्याचे बटाटे करतात. खोली लहान आहे, पण खिडकीतून डोंगरावरचा बर्फ दिसतो. हर्मेलिंदाबाई इथली जुनी कामकरीण. आल्या आल्या तिने चहा आणि भाजलेला मका पुढे केला. म्हणाली, "खा गं ओबदुलिया, नुसती हाडांची मोळी झालीयस!" किती महिन्यांनी हसले.

इथे माती नाहीच. रोपं पेटीच्या झाकणात खोचलेली असतात, खाली अंधारात मुळं लोंबतात आणि दर पंधरा मिनिटांनी पंप त्यांच्यावर धुक्यासारखं पाणी मारतो. मुळांना सुपारीएवढे बटाटे धरतात. पेटीचं दार फक्त तोडणीला उघडायचं. उजेडाने मुळं करपतात.

११ जून
चौथ्या पेटीची तोडणी केली. पांढरी, ओली, लांबच लांब मुळं. बोटं घातली आणि यानिनाचे केस धुतेय असं वाटलं. माझी यानिना. सात वर्षांची. गेल्या मार्चात पुराने नेली. सापडलीच नाही. पुरायलाही काही मिळालं नाही.

१५ जून
मुळांची वेणी झालीय. तीन पेड, टोकाशी दोन गाठी. अशी वेणी मीच घालायचे.

हर्मेलिंदाबाईला दाखवली, तर तिने दार धाडकन लावलं. मग हळूच सांगितलं : लढाईच्या वर्षांत सैनिकांनी तिच्या भावाला ट्रकमधून नेलं, तो परत आला नाही. इथे तिला दुसऱ्या पेटीत त्याची बोटं दिसली होती. "ज्यांना माती मिळाली नाही ती इथे येतात, पोरी. बघू नकोस. तू बघतेस आणि ती भाजतात."

१९ जून
तरी रोज उघडते. दोनच मिनिटं. वेणी तपकिरी पडतेय. माझ्यामुळे. उद्या नाही उघडणार. उद्या नक्की —

२२ जून
भर दुपारी वीज गेली. पंप बंद. पेटीतून आवाज आला : आई, तहान.
दार उघडावं तर उजेड. लावावं तर तहान. ओंजळीने पाणी घातलं, डोळे मिटून. ती कण्हत होती —

२३ जून
निम्मी वेणी वाळली. हर्मेलिंदाबाई रडली. भावाची ती बोटं तिने शेवटी पेटीतून काढून मातीत पुरली, मग तो शांत झाला. म्हणाली, "तूही सोड आता. आईनेच द्यायची असते माती."

२४ जून
हरितगृहामागच्या मातीच्या वाफ्यात खड्डा खणला. वेणी ठेवली. माती लोटली —
तिने मनगट धरलं. छोटी, गरम बोटं.
हर्मेलिंदाबाई मला ओढून थकली. म्हणते, तिच्या भावाने असं धरलं नव्हतं. फावडं आणायला पळालीय.
डाव्या हाताने लिहितेय. उजवा कोपरापर्यंत आत गेलाय. दुखत नाही.
आता खांद्यापर्यंत —
हर्मेलिंदाबाई, फावडं नको मारू. तिला लागेल. अंधारात एकटी घाबरते गं ती, झोप लागेपर्यंत मला तिच्याजवळ —