अठ्ठावीसच्या लेन्समधलं तळं

प्रिय अप्पा,

तुमच्या मातीला वाडीहून माणिक आला होता. ज्याची आई त्या दुष्काळात विहिरीत पडून गेली, तोच. मूठभर माती टाकून निघताना तो शेजारच्याला म्हणाला, "मास्तर लई भला माणूस होता. तेवढा एक फोटो सोडला तर." मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते आणि तेव्हाही गप्प बसले. म्हणून हे पत्र.

तुम्ही शाळेत चित्रकला शिकवलेले विद्यार्थी लातुरात तुमची चित्रं मांडणार आहेत. त्यांना पुस्तिकेसाठी चित्रांचे फोटो हवेत. आज सकाळी लेन्सची पेटी उघडली. अठ्ठावीस, पन्नास, एकशे पस्तीस मिलिमीटर. हात आधी अठ्ठावीसवरच गेला, बघा! खोड जात नाही. अठ्ठावीससारखी रुंद लेन्स लावली की चौकटीच्या सरळ कडा पोट सुटल्यासारख्या बाहेर येतात, हे तुम्हीच शिकवलं होतं. मग एकशे पस्तीस लावली आणि अंगणात सावलीत चित्र टांगून लांब जाऊन उभी राहिले.

ते वर्ष आठवतं ना? जिल्हा नवा, कचेरी नवी, फाइली नव्या, आणि उदगीरच्या आसपास पाणी कुठंच नाही. गावोगावच्या तळ्यांचे फोटो बघून टँकर ठरायचे, आणि ते फोटो काढायचं काम आपल्या स्टुडिओकडं आलं होतं. वाडीची पाळी आली तेव्हा तुम्ही तापानं फणफणला होता. अंथरुणातून सांगितलंत, "पन्नासची ने. बांधावर हुभी राहून काढ. डोळ्याला दिसतंय तेवढंच दिसू दे."

मी कशाची ऐकते! मामानं हैदराबादहून आणलेली अठ्ठावीस नवीकोरी होती. पन्नासमधून तळं नुसतं भेगाळलेलं दिसत होतं, मध्ये एक डबकं. फोटोत काही जीव वाटेना. मग मी खाली उतरले आणि डबक्याच्या काठाशी चिखलात गुडघे टेकून कॅमेरा पाण्याजवळ नेला. म्हैस बसली नसती एवढं ते पाणी, फोटोत निम्म्या कागदावर पसरलं. वर त्यात आभाळही आलं. मी काय फुगले होते, अप्पा! रिवाजाप्रमाणं मागं तुमच्या नावाचा शिक्का मारला आणि फोटो पाठवून दिला. तुम्हाला दाखवलासुद्धा नाही.

फोटोत पाणी दिसलं, म्हणून वाडीचा टँकर दुसऱ्या गावाला गेला. आठव्या दिवशी माणिकची आई, भागीरथीबाई, घागर घेऊन विहिरीत उतरली आणि पायरीवरून घसरली. तळाशी पाणी नव्हतंच, दगड होते.

माणिक चार माणसं घेऊन स्टुडिओत आला तेव्हा मी आत फोटो धूत होते. मधे फक्त काळा पडदा. फोटो कुणी काढला म्हणून त्यानं विचारलं. तुम्ही उठून उभे राहिलात.

"म्या काढला. माझी चूक झाली."

कुणी सांगितलं होतं तुम्हाला असं बोलायला? एक हाक मारली असती तर मी बाहेर आले नसते का? खरं सांगू, नसते आले. ते लोक गेल्यावरही मी तास-दीड तास आतच होते.

नंतर तुम्ही कॅमेरा कधी उचलला नाहीत. वाडीतल्या लोकांनी तुम्हाला रामराम घालणं सोडलं. आणि मला मात्र एका शब्दानं बोलला नाहीत! याचाच मला राग आहे. एकदा तरी माझ्या थोबाडीत मारायची होतीत.

त्याच आठवड्यात तुम्ही एकटेच वाडीला जाऊन बांधावर बसलात आणि तळ्याचं चित्र काढलंत. इतकी वर्षं मी त्याच्यावरची धूळ झटकत आले, पण नीट बघायची हिंमत झाली नाही. आज लेन्समधून बघावंच लागलं. भेगाळलेलं तळं, तळहाताएवढं डबकं. आणि डबक्याच्या काठाशी, वाळलेल्या चिखलात, दोन गोल खळगे शेजारी शेजारी. माझे गुडघे, अप्पा. तुम्ही ते बघितलेत, आणि रंगवलेतसुद्धा.

पुस्तिकेत हे चित्र पहिलं असेल. तो फोटो कुणी काढला, ते मी त्याच्याखाली लिहीन. पण छापायच्या आधी, उद्या सकाळच्या एसटीनं वाडीला जाते. माणिकनं दारातून हाकललं तर हाकलू दे. ते खळगे कुणाचे आहेत, हे त्याच्या तोंडावर सांगितल्याशिवाय परत येणार नाही.

तुमची,
महानंदा