हलेपर्यंत वाजवायचं

सोमवार, ३ जून

लागले एकदाची नोकरीला! पाळणाघर लाँड्रीच्या वर, पहिल्या मजल्यावर आहे आणि जिनाभर इस्त्रीचा गरम वास येतो. पगार बेताचाच, पण खारूलाही तिथेच फुकट ठेवायचं, ही अट मी आधीच पदरात पाडून घेतली. नवरा सहा महिने जहाजावर. पोर आणि नोकरी एका छपराखाली असली की आणखी काय हवं? खारू म्हणजे माझी तीन वर्षांची लेक. बिस्किट गालात साठवून झोपते, म्हणून खारू.

बारा निळ्या गाद्या, बारा खुंट्या, खिडकीला जाड पडदे. मालकीणबाई हसऱ्या आहेत. सोबतीला एक मावशी, अठरा वर्षं इथेच, तोंडाला कायम कुलूप. मुलं जेवून एकला झोपतात. दोन वाजता पाळणाघराच्या फोनवर प्रत्येकाचा झोपेतला फोटो काढून तिथल्याच ॲपवरून आईबापांना पाठवायचा, हे माझं खास काम. मोबाइल म्हटलं की मी कुणाला हार जायची नाही.

मंगळवार, ४ जून

फोटो काढताना ते ॲप असं काही खटॅक करतं की पोरं दचकतातच. कुणी कूस बदलतं, कुणी भोकाड पसरतं, खारू तर दोन्ही मुठी डोळ्यांवर घेते. बारा फोटो होईतो निम्मी जागी, मग बसा तासभर थोपटत. मावशी माझ्या मागे उभ्या राहून एकेकाचं तोंड निरखतात. पोर हललं की मान डोलावतात, तेव्हाच मी पुढच्या गादीकडे जायचं. आज एक मुलगी हललीच नाही, तर तिचे तीन फोटो काढायला लावले. तिसऱ्याला हलली. लष्करातली हजेरीसुद्धा इतकी कडक नसेल!

गुरुवार, ६ जून

मावशी आज सुट्टीवर, म्हटलं हीच संधी. फोनचा आवाज बारीक करून काही फरक पडेना. शेवटी ॲपच्याच सेटिंगमध्ये, तिसऱ्या पानावर, अगदी तळाशी शटरच्या आवाजाचं बटण सापडलं. खारू मांडीवर होती, तिचं बोट धरून तिच्याकडूनच ते बंद करवलं. मग दोनदा चालू, दोनदा बंद, तिला खेळच झाला.

बाराच्या बारा पोरं साडेतीनपर्यंत घोडे विकून झोपली. शेवटी तळपायांना गुदगुल्या करून मीच एकेकाला उठवलं. मालकीणबाई म्हणाल्या, आधी का नाही भेटलीस? मी दिवसभर हवेत.

शुक्रवार, ७ जून

आवाज का येत नाही, असं मावशींनी विचारलं. मी फुशारकीने सांगितलं, तर त्या पांढऱ्याफटक पडल्या. काल कोण हललं नाही, हेच पुन्हा पुन्हा विचारत होत्या. मी म्हटलं, कुणीच नाही, तीच तर गंमत आहे.

मग मला जिन्यात ओढून जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते. इथे दुपारी कधीकधी गादीवर आपलं मूल नसतं. दिसतं तसंच, पण ते नसतं. फोटोचा आवाज झाला की आपलं मूल दचकतं, ते दुसरं दचकत नाही. त्याला हात लावायचा नाही. हलेपर्यंत वाजवायचं, की आपलं मूल परत येतं. टाळ्या पिटून, ताट बडवून जमत नाही म्हणे, फोटो निघाल्याचाच आवाज लागतो. आणि त्याआधी हाताने उठवलं, तर जे उठतं तेच घरी जातं.

मला हसू आवरेना. मालकीणबाईंनी तर त्यांना सुनावलंच की आईबाप खूश आहेत, आवाज बंदच राहील. मावशींनी चपला घातल्या आणि गेल्या. अठरा वर्षांची नोकरी अशी सोडतं का कुणी? वाईट वाटलं.

मंगळवार, ११ जून

कौतुकच कौतुक! जुळ्यांची आई सांगत होती, दोघंही आता रडत नाहीत, हट्ट नाही, पानात पडेल ते खातात. लाँड्रीवाल्यांची नात आपणहून खेळणी आवरते. घरोघरी पोरं शहाणी झालीत. खारूसुद्धा. बिस्किट दिलं की चावून लगेच संपवते, गालात ठेवत नाही. मोठी होतेय. मला मात्र उगीच चुकल्याचुकल्यासारखं होतं.

गुरुवार, १३ जून

जुने फोटो पुसत होते. खारूचे एकाखाली एक आले. सहा तारखेपासून फ्रॉक रोज वेगळा, चेहरा तोच. ओठांची फट तेवढीच. कपाळावरची बट तिथेच.

बाकीच्यांचे पाहिले. आणखी सात जणांचे तसेच.

मी उठवलं त्यांना. माझ्या या हातांनी, गुदगुल्या करून. कुणीच हसलं नव्हतं. ते आत्ता आठवतंय.

शुक्रवार, १४ जून

आवाज चालू केला. चौघं दचकली. आठ नाहीत. खारू नाही.

वाजवत राहिले. जुळ्यांतला एक साठाव्या खटॅकला हलला आणि आई आई करून रडू लागला. इतकं गोड रडणं मी कधी ऐकलं नव्हतं. तेवढ्यात मालकीणबाईंनी फोन हिसकावला. उद्यापासून येऊ नकोस म्हणाल्या.

निघताना तो फोन आणि पाळणाघराची किल्ली उचलली. हो, चोरली.

मावशींना गाठलं. जितके जास्त दिवस, तितकं जास्त वाजवावं लागेल म्हणाल्या. त्याच गादीवर. दुपारीच.

शनिवार, १५ जून

पाळणाघर बंद. मी आणि ती. गादीवर निजवली, लगेच झोपली. शहाण्यासारखी.

डाव्या हातात फोन. उजव्याने लिहितेय, नाहीतर पळून जाईन—

चाळीस झाले. हलत नाही.

सत्तर. रडणं ऐकू येतंय. जिन्यातून. गालात काहीतरी धरून रडल्यासारखं, घोगरं— माझी खारू—

नव्वद. प्रत्येक खटॅकला जवळ येतंय. आता दारात. आता खुंट्यांपाशी.

एकशे चार. ये गं माझ्या राणी. ये. चुकलं माझं—

हिने डोळे उघडलेत.

हसतेय. फोनवरचं माझं बोट धरलंय. खारूला शिकवलं होतं मी, हिला कुठून— तिसरं पान— तळाशी— हात सुटत नाही, एवढीशी मूठ पण सुटत नाही—

खारू अगदी उशीपाशी रडतेय, आणखी एकच खटॅक हवाय, एकच, पण माझं बोट हिने त्या बटणावर—