पाणकोंबडीचं गाऱ्हाणं

मये,
९ जुलै २०२४

ती. सत्यवतीवन्सं यांस,
सुमंगलाचा सा. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात एका सकाळी पोदेर पाव देऊन गेला होता, चुलीवर पेज रटरटत होती आणि मी मागच्या पडवीत राखेने भांडी घासत होते. रोजचंच. टोप पालथा घातला, उरलेली शितं माडाच्या आळ्यात टाकली आणि कान देऊन बसले, कारण त्याच वेळेला तळ्याकडून पाणकोंबडी यायची. काळी पाठ, पांढरं पोट, आणि मागे काजळाच्या गोळ्यांसारखी पिल्लं. ह्यांना ती किती आवडायची ते तुम्हाला ठाऊक आहे. अंथरुणाला खिळले होते तरी तिची हाक कानावर आली की मला सांगायचे, तुझी पाहुणी आली, तिला वाढ. यंदा ते नाहीत, पण ती आली. पाच पिल्लं घेऊन आली. मला दोन दिवस घास गोड लागला.

त्या सकाळी तिच्यामागे एकच पिल्लू होतं. बाकीची एकेक करून गेली. मी आवारभर शोधलं, तर पिसं सापडली ती खालच्या खोलीमागे, लाकडांच्या खोपीत. त्या खोलीत आपला भाडेकरू भिकाजी राहतो, दोडामार्गाकडचा, खडीच्या ट्रकावर कामाला जाणारा. बायको शेवंती लोकांच्या शेतात लावणीला जाते. हाच भिकाजी एकदा ह्यांच्याजवळ हसत हसत सांगत होता की लहानपणी आम्ही फासकी लावून पाणकोंबड्या धरायचो, रस्सा काय लागतो! मी ते विसरले नव्हते.

मी भांडायला गेले नाही. परवा रविवारी वाड्याच्या राखणदाराच्या थळावर देवापुढे रोट आणि केळी ठेवली आणि गोकुळदासभाऊजींकरवी गाऱ्हाणं घातलं. भाऊजींनी खणखणीत आवाजात मागितलं की ज्या वाटेने हा मारेकरी येतो-जातो ती वाट, म्हाराजा, तू ओळख आणि बंद कर. जमलेल्या सगळ्यांनी व्हय म्हाराजा म्हटलं. नाव कुणाचं घेतलं नाही, पण वाड्यावरचे, शेजारपाजारचे लोक काय ते समजले. भिकाजी मागे उभा होता. त्याची मान खाली गेली ती मी बघितली आणि मला बरं वाटलं. तुमच्याजवळ खोटं कशाला लिहू?

मुकादमाचं मात्र बरं नाही. तुमच्याकडून टोपलीतून आलेलं ते पिल्लू आता हा एवढा बोका झालाय. शेपूट वर करून आवारभर देखरेख करत फिरतो, खाणीवरच्या मुकादमासारखा, म्हणून तर ह्यांनी ते नाव ठेवलं. पण हल्ली सुक्या बांगड्याला तोंड लावत नाही. वास घेतो, ह्यांच्या खुर्चीखाली जाऊन बसतो. मासेमारी बंद, ताजं मिळत नाही, तरी मी मिळेल ते पुढ्यात ठेवते. माणसं विसरतील, जनावर झुरतं. ह्यांनी मागच्या दाराला खाली फळी कापून त्याला वाट करून दिली, ती त्यांच्या हातची शेवटची सुतारकी. तिथलं गोणपाट हललं की अजून वाटतं, घरात कुणीतरी आलं.

तुमच्या कानांना औषध लागू पडलं का? फोनवर तुम्ही भलतंच ऐकता आणि मी ओरडून शेजार गोळा करते, त्यापेक्षा हे कागद बरे. माया आहे तशीच असू द्या.

आपली,
सुमंगला


तुये,
१७ जुलै २०२४

चि. सुमंगला हिस,
सत्यवतीचे अ. उ. आ.

लोक तुझ्या नावामागे काय लावायचं ते लावोत, मी चि.च लावणार. तुझं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं झालं की गो! लग्न होऊन आलीस तेव्हा अंगठा पुढे करायचीस. मग दुकानातून आलेल्या मिरच्यांच्या पुड्या सोडून सोडून त्यांचे कागद वाचायला लागलीस. कृष्णनाथ मला म्हणाला होता, आका, हिच्यापायी मिरच्या जमिनीवर आणि बातम्या डब्यात. असा हसला होता.

आमच्याकडे पाऊस आहे, लाईट नाही. सून कारखान्यातून भिजून येते आणि माझ्यावर ओरडते, मला ऐकू येत नाही म्हणून आमचं बरं चाललंय.

मांजर झुरतं म्हणे! अगो, झुरायला ते काय नाटकातलं आहे? मांजर पान सोडून उठलं म्हणजे ते बाहेर जेवून आलंय. त्याची आई तशीच होती. आमच्या आवारात तिने बुलबुल ठेवला नाही की सरडा. तुझ्या मुकादमाला कुणीतरी दूध घालतंय, नाहीतर तो आपलं आपण बघतोय. एकदा मागे जाऊन बघ.

गाऱ्हाणं घातलंस ते वाचून मला बरं वाटलं नाही. तू डोळ्यांनी बघितलंस का भिकाजीला? कृष्णनाथाला शेवटच्या वेळी इस्पितळात न्यायचं होतं, रिक्षा आत येईना, तेव्हा चिखलातून त्याला पाठुंगळी घेऊन भिकाजी रस्त्यापर्यंत गेला. तू आत पिशवी भरत होतीस. मी बघत होते.

रागावलीस तर राग, पण लिही. हात डोक्यावर आहेच.

तुझी,
सत्यवती


मये,
२४ जुलै २०२४

ती. सत्यवतीवन्सं यांस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. पाऊस फार आहे. कपडे वाळत नाहीत, चुलीवर दोरी बांधली आहे. वास्कोहून साईश येऊन गेला, आईची तब्येत का उतरली म्हणून विचारत होता, मी म्हटलं गणपतीची चवथ जवळ आली, कामं दिसतात समोर.

मुकादम बरा आहे.

शेवंतीला यंदा लावणीला कुणी बोलावलं नाही असं ऐकते. मी काही विचारलं नाही.

वाचनालयातून पुस्तक आणलं होतं ते तसंच परत केलं, डोळे दुखतात. पेनाची शाई संपत आली म्हणून इथेच थांबते. लोभ आहेच.

सुमंगला


तुये,
३० जुलै २०२४

चि. सुमंगला हिस,
अ. उ. आ.

बॉलपेनची शाई अशी बरोबर अर्ध्या पानावर संपते हे मला या वयात कळलं.

मला कान नाहीत, डोळे आहेत. भिंग लावून तुझं पत्र पुन्हा वाचलं. पाणकोंबडीचं नाव नाही. त्या एका पिल्लाचं नाव नाही. मुकादम बरा आहे, एवढंच. जो दोन पानं झुरत होता तो एका ओळीत बरा झाला?

काय बघितलंस ते मला सांग. मी ओरडणार नाही, ओरडले तरी तुला मयेला ऐकू येणार नाही. ते मांजर माझ्या माळ्यावर जन्मलं, मीच टोपलीत घालून पाठवलं. जे काही असेल त्यात अर्धा वाटा माझा.

आणि कुणाला काही सांगायचं राहिलं असेल, तर पत्राआधी तिथे जा. माझी माफी पुरायची नाही.

तुझी,
सत्यवती


मये,
६ ऑगस्ट २०२४

ती. सत्यवतीवन्सं यांस,
सुमंगलाचा सा. न. वि. वि.

मांजराचा अर्धा वाटा घ्या. गप्प राहिल्याचा वाटा सगळा माझा आहे, तो मी कुणाला देऊ शकत नाही.

तुमचं पहिलं पत्र आलं त्या दिवशी मी रागावले होते. मनात म्हटलं, वन्संना काय कळतं, बघतेच मागे जाऊन. जावं लागलं नाही. मी पडवीत तांदूळ निवडत होते, गोणपाट हललं आणि मुकादम आत आला. तोंडात ते शेवटचं पिल्लू. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ ह्यांच्या खुर्चीपाशी गेला, ते खाली ठेवलं आणि वर रिकाम्या खुर्चीकडे बघत बसला. मी उचललं तेव्हा ते गरम होतं. पाय एकदा हलले आणि थांबले. नखाएवढं रक्तसुद्धा नव्हतं. खाल्लं नाही, नुसतं मारलं.

मग खोपीत गेले. लाकडं बाजूला केली. पाणकोंबडीच्या पिल्लांची काळी लव, दयाळाची पांढरी-काळी पिसं, बेडकांचे पाय, सरड्याचं शेपूट. हीच जागा मी आधी बघितली होती, वन्सं. तेव्हा मला भिकाजी दिसायचा होता म्हणून भिकाजी दिसला. पाणकोंबडीचं नाव मी वाचनालयातल्या पुस्तकातून शोधून काढलं, तिची अंडी कशी, पिल्लं कधी, सगळं वाचलं. त्याच पुस्तकात शेवटी लिहिलं होतं की पाळलेलं मांजर पोट भरलेलं असलं तरी शिकार करतं. ते पान मी उलटून टाकलं होतं. आमच्या घरचं नव्हे, असं वाटलं होतं.

पिल्लू मी जास्वंदीच्या मुळाशी पुरलं, हात धुतले आणि कुणाला सांगितलं नाही. इथपर्यंत एखादी बाई मला समजून घेईल. पुढचं लिहायला मला दोन आठवडे लागले.

त्याच संध्याकाळी शेवंती आली. एरवी ती पडवीत येऊन बसते, त्या दिवशी पायरीखाली पावसात उभी राहिली. पायरीला पाय लावीना. तिची मुलगी श्रद्धा पहिल्या बाळंतपणाला आली आहे, आठवा चालू आहे. लोक तिला म्हणत होते की राखणदाराचं गाऱ्हाणं घरातल्या धाकट्यावर आधी पडतं. शेवंती हात जोडून सांगत होती की काकी, आम्ही मारलं नाही, नवऱ्याला देवळात उभा करा, तो शपथ घेईल, पण आमच्या नावाने घातलेलं मागे घ्या, पोरीवर काही येऊ देऊ नका. ती हे बोलत होती आणि मुकादम तिच्या आणि माझ्या मधल्या पायरीवर बसून पंजा चाटून तोंड धूत होता.

मी म्हटलं की मी कुणाचं नाव घेतलेलं नाही. एवढं म्हटलं आणि आत आले. आतून कडी घातली.

पाणकोंबडी त्यानंतर एकटी आली. शितांना चोच लावली नाही. कुंपणाला धरून हाका मारत फिरायची, थांबायची, ऐकायची, पुन्हा हाक मारायची. मला ते ऐकवेना म्हणून मी रेडिओ लावला. मग ती येईनाशी झाली. ह्यांची आठवण म्हणून जिला शितं घातली, तिची पिल्लं ह्यांची आठवण म्हणून ठेवलेल्या मांजराने मारली. दोघांना मीच वाढत होते, एकाच आवारात. आणि ज्याने ह्यांना पाठीवर घेतलं त्याच्या घरावर मी देव घातला. तुम्ही लिहिलंत तेव्हाच मला हे कळलं, की मी पिशवी भरत होते तेव्हा तो चिखलात उभा होता.

तुमचं दुसरं पत्र आलं आणि शनिवारी मी गोकुळदासभाऊजींकडे गेले. सगळं सांगितलं. ते आधी पोट धरून हसले. म्हणाले की वहिनी, मांजराने पाखरू मारलं म्हणून राखणदाराला पुन्हा उठवू काय? मांजराचा तो धर्म. एक नारळ गुपचूप ठेवा, लोक आठवड्यात विसरतील, नाहीतर चवथीपर्यंत वाड्यावरची पोरं तुमच्या मुकादमाची वरात काढतील. मी म्हटलं, मांजराचा दोष नाही, ते मलाही कळतं. त्याची वाट मोकळी ठेवणारी, तो काय आणतो ते न बघणारी मी. आणि गाऱ्हाण्यात मी नाव घेतलं नव्हतं म्हणूनच ते दुसऱ्यावर बसलं, तर आता नाव घ्यायचं. माझं. भाऊजी मग हसले नाहीत. कृष्णनाथाच्या बायकोचं नाव त्या थळावर मी कसं घेऊ, म्हणाले. मी म्हटलं, भिकाजीचं न घेता घेतलंत तसंच मोठ्याने.

रविवारी लोक जमले. भाऊजींनी सांगितलं की म्हाराजा, मागचं गाऱ्हाणं सुमंगलाने घातलं होतं, चूक तिची, मारेकरी तिच्या घरचा, तिच्या हातचं खाणारा. भिकाजीच्या घरावर जे कोणी बोललं असेल ते मागे घे, त्याच्या लेकीबाळीला सुखरूप ठेव. मागे कुणीतरी हसलं. एक बाई दुसरीला म्हणाली की बोक्यासाठी गाऱ्हाणं, पुस्तकं वाचून असं होतं. मी मान खाली घालून उभी राहिले, भिकाजी उभा होता त्याच जागी. व्हय म्हाराजा जरा उशिरानेच आलं. भिकाजी आला नव्हता. शेवंती लांब वडाखाली होती. तिने व्हय म्हटलं की नाही, ते मला दिसलं नाही. पण आज सकाळी तिला लावणीचं बोलावणं आलं असं ऐकलं.

मुकादमाला मी टाकणार नाही. तो ह्यांचा आहे. आता तो घरातच राहील, परसात न्यायचा तर मी बरोबर आणि गळ्याला दोरी. रडतो फार, दाराशी बसून. रडू दे. मीही रडते, आम्हाला दोघांना सवय होईल.

माझ्यावरची माया कमी झाली असेल तर कमी ठेवा, पण पत्र बंद करू नका.

एक राहिलं. दारातून कापून काढलेला फळीचा तुकडा ह्यांनी टाकला नव्हता, लाकडाचं काही टाकायचं नाही ही त्यांची सवय. तांदळाच्या कोठीमागे होता. रविवारी संध्याकाळी पुसून दाराला लावून बघितला, अजून बरोबर बसतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी भिकाजीकडे हातोडी मागायला गेले. त्याने हातोडी शेवंतीच्या हातात दिली. ती माझ्यामागून आली, पायरी चढली, फळी दोन्ही हातांनी धरून बसली, आणि मी खिळे ठोकले.

आपली,
सुमंगला