दादारावांसाठी एकतीस मारधाडपट

१ जानेवारी
काल रिटायर झालो. मी आणि दादाराव, एकाच दिवशी, एकाच फेअरवेलमध्ये, एकाच समोशांवर. लक्ष्मीबाई नगरात अकरा वर्षं समोरासमोरचे क्वार्टर. मी नोएडात फ्लॅट घेतलाय. त्याच्या शेजारचा रिकामा आहे. तो दादारावांनी घ्यावा, बस्स, एवढीच इच्छा. पण त्यांचं नागपूर-नागपूर चाललंय. महिनाअखेर ठरवतो म्हणाले. ते गेले तर मला दिल्लीत आहे कोण? कुमुदिनी आहे, पण ती बायको आहे.

प्लॅन तयार. आजपासून रोज संध्याकाळी सातला आमच्याकडे एक जुना ब्लॅक अँड व्हाइट पिक्चर. फक्त मारधाडीचा. रडका पिक्चर पाहिला की माणसाला गाव आठवतं. खून पाहिला की माणूस मित्राला धरून बसतो. किमान तीन मुडदे हवेतच. सगळे मला तोंडपाठ आहेत, म्हणजे मार्गदर्शनही फुकट.

३ जानेवारी
तिसऱ्याच दिवशी जबरदस्त रंग चढला. डाकूंचा पिक्चर, मुडदे नऊ. प्रिंट जुनी, ठोशांचा आवाज फुसका, म्हणून मी तोंडाने दिला. डायलॉगही नटाच्या जरा आधी मीच म्हणत होतो. तलवारीचा वार नीट कळावा म्हणून दादारावांच्या मानेवर हाताने करून दाखवला. त्यांचा चहा रजईवर सांडला. मला दिसतंय हो, असं म्हणाले. म्हणजे मन लावून बघतायत. त्यांच्या मिसेस, कौसल्यावहिनी, काहीच बोलल्या नाहीत. भारावल्या असाव्यात.

६ जानेवारी
रहस्यपट. खुनी कोण, खुनी कोण करत दादाराव दोन तास डोकं शिणवणार. म्हणून टायटल्स चालू असतानाच सांगून टाकलं. त्यांनी उशी फेकून मारली. नेम चांगला आहे. इतका शांत माणूस, ऑफिसात कधी फाइलसुद्धा आपटली नाही. क्लासिक पिक्चरची ताकद बघा!

९ जानेवारी
करोल बागेतून मोठा स्पीकर आणला. ऑटोवाला गेटच्या आत येईना. मी खलनायकासारखी एक भुवई वर करून त्याच्याकडे नुसतं पाहिलं. त्याने माझी कॉलर धरली आणि दोन ठेवून दिल्या. दादाराव दूध घेऊन येत होते, त्यांनी सोडवलं. अंकलजींची तबियत ठीक नाही, जाने दो यार, असं त्याला म्हणाले. का म्हणाले कोण जाणे. मी फक्त दादारावांकडे बघून त्याला सोडलं, नाहीतर त्याची खैर नव्हती.

उद्यापासून पन्नास बैठका.

१० जानेवारी
बैठका चार. हवाच इतकी खराब आहे की व्यायाम करणं म्हणजे आत्महत्या.

१३ जानेवारी
वहिनी सांगत होत्या, दादाराव हल्ली झोपेत दात खातात आणि 'मारून टाकीन, मारून टाकीन' असं बडबडतात. आनंदाने अंगावर काटा आला. पिक्चर रक्तात उतरला! आठवडाभरात नागपूरचं नावही काढलेलं नाही.

१६ जानेवारी
दोघंही कानात कापूस घालून आले. थंडीच तशी आहे. पण बिचाऱ्यांना ऐकू कसं येणार? म्हणून आवाज चढवला. स्पीकरचाही आणि माझाही. इंटरव्हलच्या सुमारास माझ्या कपाळावर रिमोट येऊन आदळला. रक्त भळभळा. तीन टाके. डॉक्टरला म्हटलं, मित्राच्या हातून निसटला. कुमुदिनी तिथेच म्हणाली की निसटला नाही, मीच तो भावजींच्या हातात दिला होता. हिचं काहीतरी बिनसलंय. परवापासून कोबीसुद्धा अशी चिरते की ओटा हादरतो.

२० जानेवारी
कुमुदिनीने अट घातली, आज एक अक्षर बोलायचं नाही. बिल्कुल पाळली. फक्त गरज होती तिथेच बोललो. दादारावांनी चपला घातल्या आणि बाराव्या मुडद्याच्या आधीच निघून गेले. सर्वात सुंदर मुडदा तोच होता. मग जिन्यात गाठून त्यांना तो सांगितला. त्यांनी एक चप्पल काढून भिरकावली. ती मी परत नेऊन दिली, शेजारधर्म म्हणून.

२४ जानेवारी
आज इतिहास घडला. क्लायमॅक्स चालू होता, हीरो खलनायकाचा गळा दाबतोय. आता बघा, आता डोळे कसे बाहेर येतात, असं मी म्हणतोय तोच दादारावांनी माझा गळा धरला. दोन्ही हातांनी! हात माझ्या गळ्यावर, डोळे पडद्यावर. मी हीटरवर लाथ मारली, शेंगदाण्याची थाळी उधळली, कुमुदिनीकडे हात केला. तिने स्पीकरचा आवाज थोडा वाढवला. वहिनी पदराने डोळे पुसत होत्या, पण पिक्चर बघून. अख्खा सीन सगळ्यांनी एकदम शांततेत पाहिला. 'समाप्त' आल्यावर दादारावांनी गळा सोडला, थँक यू म्हणाले आणि गेले.

असं रंगून जाणं मी आजवर कुणाचं पाहिलं नाही. फ्लॅट घेणार हे नक्की.

२५ जानेवारी
दादाराव आले नाहीत. शरमले असतील. मी मनातल्या मनात माफ केलं. गिळताना दुखतंय.

२९ जानेवारी
जिंकलो! सकाळी दार उघडलं तर समोर खोकीच खोकी. खाली ट्रक. न सांगता पॅकिंग सुरू! मी स्वतः दोर आवळले, कपाट उतरवायला खांदा दिला, बोट चेमटलं तरी चकार शब्द नाही. ड्रायव्हरला नोएडाचा पत्ताही समजावून दिला. तो म्हणाला, साहब, गाडी नागपूर जाएगी.

कौसल्यावहिनींना विचारलं. त्यांनी हातातलं खोकं खाली ठेवलं. म्हणाल्या, भावजी, तुमच्या शेजारचा फ्लॅट आम्ही डिसेंबरातच बुक केला होता. तुम्हाला महिनाअखेर सरप्राइज द्यायचं म्हणून हे मुद्दाम नागपूर-नागपूर करत होते. पंचवीस तारखेला जाऊन कॅन्सल करून आले. मधली भिंत एकच आहे, आणि पातळ आहे.

मी म्हटलं, मला आधी का नाही सांगितलं? वहिनी म्हणाल्या, तुम्ही बोलायचं थांबलात की सांगू म्हणून आम्ही महिनाभर बसलो होतो.

मी त्यांनी ठेवलेलं खोकं उचललं आणि खाली ट्रकपर्यंत नेऊन दिलं.

३१ जानेवारी
दुपारी ते दोघं गाडीत बसले. स्टेशनवर मी हमालाशी भांडलो, टीसीशी भांडलो, दादारावांची बॅग स्वतः बर्थखाली ढकलली. त्यांनी पाठीवर हात ठेवला. गाडी सुटली.

घरी येऊन सातला एकतिसावा पिक्चर लावला. माझा सर्वात आवडता, मुडदे चौदा. कुमुदिनी आतच राहिली. तोंड उघडावंसंच वाटेना, शेजारी कोणी नव्हतं. पहिल्यांदाच गप्प बसून पाहिला. शेवटी खलनायक मरताना हीरोला सांगतो की तुझ्या बापाला मी नाही मारलं, तुझ्या काकाने मारलं. पन्नास वेळा पाहिला, पण तिथे मी नेहमी ठोशांचे आवाज काढत असायचो. मला ठाऊकच नव्हतं! डोळ्यात पाणी आलं हो. चांगला पिक्चर आहे.

राहवेना. दादारावांना फोन लावला आणि एका दमात सगळं सांगितलं. काकाने मारलं दादाराव, काकाने!

पलीकडे गाडीचा खडखडाट. दादाराव म्हणाले, पद्माकरराव, तुमच्या आवडीचा म्हणून आत्ताच मोबाइलवर लावला होता. इंटरव्हल झालाय फक्त.