दुसरा घेणारा

४ मार्च
लॅबच्या मॅनेजरचा पुन्हा फोन. साहेबांना द्या म्हणाला. मी म्हटलं, कामात आहेत! हे जाऊन चौथा महिना – आणि मी अजून त्यांना कामातच ठेवलंय.

आठवडाभर निम्मे रिपोर्ट डॉक्टरांकडे पोचतच नाहीत म्हणे. शुक्रवारपर्यंत नीट झालं नाही तर काम दुसऱ्याला. रिपोर्ट पोचवणारा जावा प्रोग्रॅम ह्यांनी लिहिलेला. माझी चूल त्यावरच.

५ मार्च
ह्यांचं जावा भाषेचं पुस्तक काढलं. जावा मी त्यातूनच शिकले, अडलं की ह्यांना विचारायचे. प्रत्येक रिपोर्ट म्हणजे एक निरोप. निरोप रांगेत उभे राहतात. प्रोग्रॅम एकेक उचलतो, पोच देतो. पोच मिळाली की रांग तो निरोप विसरते.

सगळा कोड वाचला. चूक नाही. भूक नव्हती. जेवले.

६ मार्च
नणंद आली. ह्यांच्या खोलीत डोकावून म्हणाली, "वहिनी, हा कॉम्प्युटर कुणासाठी घरघरतोय? दादा काय तिथून टाइप करणारेय?" जिभेला हाड नाही. मग तीच रडली. मला रडू आलं नाही.

राहू दे म्हटलं. मागच्या आठवड्यात वीज गेली तेव्हा तो बंद पडला होता. वीज आल्यावरही घर इतकं गप्प होतं की मीच उठून पुन्हा सुरू केला. स्क्रीन लावत नाही. आतल्या पंख्याचा आवाज तेवढा पुरतो.

संध्याकाळी मॅनेजर म्हणाला, रांगेतून घेणारे दोन दिसतायत. रांग एक निरोप ह्याला देते, एक त्याला. हा दुसरा कोण, साहेबांना विचारा.

७ मार्च, शुक्रवार
सकाळी ह्यांची स्क्रीन लावली. हरवलेले रिपोर्ट – सगळे तिथे, एकाखाली एक. ह्यांनी चाचणीसाठी लिहिलेला प्रोग्रॅम, मशीन सुरू झालं की आपोआप जागा होणारा. बिचारा इमानाने निम्मे निरोप उचलून पोच देत होता. कुणाकुणाच्या दुखण्याची बातमी आमच्या बंद खोलीत पडून!

आधी तो थांबवला, मग रिपोर्ट पुन्हा रांगेत सोडले. नुसता तो प्रोग्रॅम कायमचा काढून टाकला असता तरी चाललं असतं. पंखा घरघरत राहिला असता.

कॉम्प्युटर बंद करायच्या बटणावर बोट ठेवून बसले. मग दाबलं.

८ मार्च
मॅनेजरचा फोन. सगळे पोचतायत म्हणाला. दुसरा कोण होता?

"साहेबच होते," मी म्हटलं. "ते वारले. प्रोग्रॅम मी सांभाळते."