मामंजींनी भिजवलेला दगड

प्रिय वन्संना,

सप्रेम नमस्कार. तुमची कंबर आता कशी आहे? तुमचे बंधू जहाजावर मजेत आहेत (निदान फोनवर तसं म्हणतात). मामंजींची तब्येत ठणठणीत आहे, काळजी आहे ती माझ्याच तब्येतीची.

त्याचं असं झालं. जमिनीखालचं तेल काही तळ्यासारखं साठलेलं नसतं, ते दगडाच्या बारीक छिद्रांत दडून बसतं. एका बाजूने पाणी दाबून सोडलं की दुसऱ्या बाजूने ते मुकाट निघतं. आमच्या साहेबांनी जवळच्या तलावाचं गोडं पाणी सोडायचं ठरवलं. मी म्हणत होते, आपल्या तेलाच्या विहिरीतल्या दगडात चिकणमाती आहे, ती गोड्या पाण्याने फुगेल, छिद्रं बुजतील आणि तेल आतल्या आत अडकेल. खारं पाणी सोडा. साहेब म्हणाले, "मॅडम, दगड कधी फुगतो का?" (बढती मिळाल्यापासून साहेब स्वतः बरेच फुगलेत, पण मी गप्प बसले.) रोज संध्याकाळी भांडी आपटत मी हेच पुराण मामंजींना ऐकवायची. ते पेपरातून डोकं वर न काढता "हं" म्हणायचे.

शेवटी विहिरीतून काढलेल्या दगडाचे दोन तुकडे केले. एक प्रयोगशाळेत खाऱ्या पाण्यात बुडवला. दुसरा कोरडा जपून मुख्य कचेरीत द्यायचा होता, म्हणून घरी आणला. सकाळी बघते तर मामंजी न्हाणीघरात स्टुलावर, पाय बादलीत. म्हणाले, "सूनबाई, टाचा घासायला आणलेला हा दगड अगदीच कुचकामी निघाला." बादलीत नुसता राडा. घाबरून मी बादली ओतली तर मोरी तुंबली. नेमके तेव्हाच साहेब मला न्यायला गाडी घेऊन दारात. माझा आरडाओरडा ऐकून आत आले आणि बूटमोज्यांसकट त्या चिखलात उभे राहिले.

"हे काय आहे?"

"तुमचा दगड," मामंजी शांतपणे म्हणाले. "साध्या नळाच्या पाण्यात होता."

साहेब तसेच चिखलाच्या बुटांनी वळले. तडक प्रयोगशाळेत गेले, खाऱ्या पाण्यातला तुकडा उचलून पाहिला. तो जसाच्या तसा होता. दुपारपर्यंत तलावाचा बेत रद्द आणि खारं पाणी मंजूर. वर मला म्हणाले, "मला शंका होतीच."

घरातल्या मोठ्यांपुढे मी वाकले असं समजा, आणि लहानांचे गालगुच्चे घ्या.

तुमची,
वहिनी

ता. क. मला महिनाभर विहिरीवर राहून हे काम बघायला सांगितलंय. मामंजींना एकटं सोडून कशी जाऊ? तुम्ही आपण होऊन त्यांना बोलवाल का? मी सुचवलं हे मात्र त्यांना कळू देऊ नका.

ता. क. (अक्षर माझं, म्हणजे तुझ्या बाबांचं.) चिमे, पाकीट टपालात टाकायला माझ्याकडे दिलं होतं, म्हणून वाचलं. माझ्या टाचांना काही झालेलं नाही. ती साहेबाला नुसती सांगत होती, दगड भिजवून दाखवायचा धीर तिला होत नव्हता. आता मला महिनाभर बोलाव. मी आढेवेढे घेईन, तू ऐकू नकोस. आणि हे तिला सांगू नकोस.