प्रोबला लागलेली हळद

२९ सप्टें., सोम.
कारखान्यात नव्या पद्धतीने रंगाची पहिली बॅच पास! ॲसिडचं वापरलेलं पाणी नाल्यात न सोडता पुन्हा त्याच टाकीत घेतलं, तरी रंग झकास. साहेबांची अट: अशा तीन बॅच नीट निघाल्या तर नवी पद्धत कायम. एक जरी बिघडली तर गप जुनं, म्हणजे पाणी नाल्यात.
टाकीवरचे ऑपरेटर नाना माझ्याहून खूश. त्यांचं शेत नाल्याला लागून, विहिरीत सगळा रंग उतरतो. "ताई, मनी इहीरनं बठ्ठं पाणी पिवयं शे. हाई जमी जाऊ दे."

१ ऑक्टो., खंडेनवमी
यंत्रांची पूजा. नानांनी टाकीला झेंडूचा हार घातला, पान्यांना हळदकुंकू लावलं, आणि ॲसिड मोजणाऱ्या प्रोबलाही! तेलात कालवलेली हळद, थेट काचेच्या टोकाला. मी पुसायला गेले तर नाना म्हणे, "आज हत्यारले हात नही लावतस." हसून सोडून दिलं. उद्या दसरा, सुट्टी. परवा पुसू.

३ ऑक्टो., शुक्र.
दुसरी बॅच. साहेबांचे सकाळपासून फोनवर फोन, घाईत सुरू केली. प्रोबचा आकडा हलेचना, म्हणून ॲसिड ओतत गेलो. दुपारी रंग काढला तर शेणासारखा.
साहेब: "म्हटलं होतं ना, असली नाटकं चालत नाहीत! सोडा ते पाणी नाल्यात."
नाना व्हॉल्व्हपाशी गेलेच नाहीत, पाणी टाकीतच राहिलं.
प्रोब काढून पाहिला. टोक पिवळंधमक. तेलकट हळदीनेच आकडा अडवला होता. पुसायचं मी विसरले. वर रजिस्टरात 'प्रोब तपासला' अशी सहीही माझीच. न तपासता. मूर्ख बाई!

४ ऑक्टो.
सोमवारी साहेबांना कारण सांगायचंय. गप्प बसले तर पद्धतच वाईट ठरणार. बोलले तर खोटी सही उघडी, म्हणजे नोकरी... जळगावात अशी दुसरी कोण देतंय.
नाना म्हणतात, "मनं नाव सांगी दे. हयद मीच लाई ना? मनी नोकरी आते उरनीच कितली!"
त्यांच्यावरच खेकसले. मग रडू आलं.

६ ऑक्टो., सोम.
साहेबांनी विचारलं, "चूक कुणाची?" नाना आणि मी एकदमच म्हणालो, माझी. मी रजिस्टर उघडून सहीवर बोट ठेवलं. साहेबांनी रजिस्टर ओढून घेतलं.
"तुझं नंतर बघतो. शेवटचं सांगतो, एक बॅच लाव."
प्रोब नानांनी धुतला, मग मी धुतला, मग परत नानांनी. बॅच चालू आहे. आकडा हलतोय. रंग कळायला अजून दोन तास, आणि नाना टाकीजवळून हलायला तयार नाहीत.
देवा, रंग येऊ दे. माझं नंतर बघू.